एकशे पासष्ट सेंटिमीटर: उंचीच्या इंजेक्शनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी नागपुरात बालरोगतज्ज्ञ आहे. हे प्रकरण 2022 ते 2025 या काळातलं आहे आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून मुलाचं नाव, वस्ती आणि वडिलांचं काम बदललं आहे. मुलाला आपण सोहम म्हणू.

जून 2022 मध्ये सोहम आई-वडिलांसोबत पहिल्यांदा आला. वय 13 वर्षं 2 महिने, आठवीत. उंची 141 सेंटिमीटर, वजन 33 किलो. वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर, पगार 24 हजार. आई घरी शिवणकाम करते. काटोलकडे वाट्याला आलेली दीड एकर संत्र्याची जमीन आहे. सोहमला एक धाकटी बहीण आहे.

वडिलांनी खुर्चीत बसण्याआधीच खिशातून घडी घातलेला कागद काढला. शाळेच्या दाखल्यांवरून, लसीकरणाच्या कार्डावरून आणि घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मारलेल्या खुणांवरून त्यांनी सोहमची आठ वर्षांची उंची लिहून आणली होती. इतकी नीट नोंद मला डॉक्टरांच्या घरातल्या मुलांचीही मिळत नाही.

मग ते म्हणाले, "मॅडम, मी भरतीत दोन सेंटिमीटरनं रायलो. रनिंग निघालं होतं, छाती निघाली होती. याचं तसं नाही झालं पाहिजे."

महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचं तर पुरुष उमेदवाराची उंची किमान 165 सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. पुढे 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी परीक्षेचे 50 गुण. धावणं सरावानं सुधारतं, गोळा सरावानं लांब जातो. उंचीच्या पट्टीखाली मात्र माणूस जसा आहे तसाच उभा राहतो.

नेमकी अडचण

वडील 163, आई 149. मुलाची अपेक्षित उंची काढायची आमची साधी रीत अशी: दोघांच्या उंचीची बेरीज करायची, त्यात 13 मिळवायचे आणि निम्मे करायचे. उत्तर आलं 162.5. दोन्ही बाजूंना आठ-साडेआठ सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, पण घरात एकदा आकडा सांगितला की लोक आकडाच धरून बसतात. वडिलांनी तो लगेच 165 मधून वजा केला.

वाढीच्या तक्त्यावर सोहम तीन टक्क्यांच्या रेषेच्या, म्हणजे शंभरातली सर्वांत बुटकी तीन मुलं जिच्या खाली असतात त्या रेषेच्या, जरा वर होता. बुटका, पण वर्षाला जवळपास 5 सेंटिमीटरनं वाढणारा. पौगंडाची सुरुवात नुकती झालेली. डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाडांचं वय साडेअकराच्या आसपास निघालं, म्हणजे खऱ्या वयापेक्षा दीडेक वर्ष मागे. अशी मुलं उशिरा वाढतात आणि इतरांचं वाढणं थांबल्यावरही वाढत राहतात. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन 10.8 म्हणजे थोडं कमी, बाकी काही नाही. हा आजारी मुलगा नव्हता.

वडिलांना मात्र ग्रोथ हार्मोनचं, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचं, इंजेक्शन हवं होतं. मोबाइलवर बरंच पाहून आले होते. त्याआधी उंची वाढवणाऱ्या पावडरीचे चार डबेही संपवून झाले होते. मुलांची किंवा मोठ्यांची उंची वाढवण्याचा दावा औषधानं करूच नये, हे औषधविषयक नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये स्पष्ट आहे, तरी असे डबे राजरोस विकले जातात. त्यामानानं ग्रोथ हार्मोन हे खरं औषध आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न डब्यांपेक्षा कठीण होता.

औषध खरं, आजार कुठे?

1958 पासून 1985 पर्यंत हे संप्रेरक मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून काढलं जायचं. ते इतकं दुर्मीळ होतं की ज्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही अशाच मुलांना मिळायचं. 1985 मध्ये त्यातून क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं लक्षात आलं आणि तो पुरवठा बंद झाला. त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं संप्रेरक अमेरिकेत मंजूर झालं. आता ते हवं तितकं बनवता येतं. टंचाई होती तोवर कोणाला द्यायचं हे टंचाईच ठरवत होती. ती संपली आणि ठरवायचं काम डॉक्टरवर आलं. 2003 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कारण न सापडलेल्या बुटकेपणासाठीही ते मंजूर केलं, पण फक्त सर्वांत बुटक्या 1.2 टक्के मुलांसाठी. सोहम त्या रेषेतही बसत नव्हता.

नव्वदच्या दशकापासून नीतिशास्त्राच्या चर्चेत दोन मुलांचं एक उदाहरण नेहमी येतं. दोघांची मोठेपणी अपेक्षित उंची 160. एकाच्या मेंदूत गाठ झाल्यामुळे संप्रेरक कमी पडतं, दुसऱ्याचे आई-वडीलच बुटके आहेत. चिडवणं दोघांच्या वाट्याला तेच, अडणंही तेच. मग एकाला दिलं तर उपचार आणि दुसऱ्याला दिलं तर चैन, असं का? माझ्याकडे याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर नाही. पण पहिल्याच्या शरीरात काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते भरून काढताना मी धोका पत्करते. दुसऱ्याच्या चांगल्या चाललेल्या शरीरात मी स्वतः धोका घालते. माझ्या हातासाठी हा फरक मोठा आहे.

तपासणी आणि 8.4

इथे माझी चूक झाली. इतकी नियमित वाढ असलेल्या मुलाची संप्रेरकाची उत्तेजन चाचणी करायची गरज नसते. वडिलांचं समाधान होईल, 'सगळं पाहिलं' असं सांगता येईल, म्हणून मी जुलैमध्ये क्लोनिडीन चाचणी लिहून दिली: या नावाची गोळी देऊन रक्तातलं वाढीचं संप्रेरक किती वर जातं ते पाहायचं.

सकाळी उपाशीपोटी गोळी दिली आणि दर अर्ध्या तासानं रक्त घेतलं. या गोळीनं रक्तदाब उतरतो, झोप येते. सोहम आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेला. तेरा वर्षांचा मुलगा, पाय बाकड्याबाहेर लोंबत होते.

सर्वांत वरचा आकडा आला 8.4 नॅनोग्रॅम. अनेक ठिकाणी 10 च्या खाली म्हणजे कमतरता धरतात, काही ठिकाणी 7 च्या खाली. पौगंडाच्या उंबरठ्यावरच्या मुलांत, आधी काही दिवस लैंगिक संप्रेरकाची मात्रा दिली नसेल तर, निरोगी मुलाचा आकडाही खाली येतो. मी ती दिली नव्हती. म्हणजे माझ्या टेबलावर असा कागद होता ज्यावर मी एका रेघेनं 'कमतरता' लिहू शकत होते. तसं लिहिलं असतं तर ते खोटं आहे असं कोणी सहज म्हणू शकलं नसतं. पण सोहम त्या दिवसापासून रुग्ण झाला असता.

वडिलांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. मुलात खोट निघाली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना वाटलं, आता इंजेक्शन 'हक्काचं' झालं.

समोरचे पर्याय

माझ्यासोबत काम करणाऱ्या संप्रेरकतज्ज्ञांशी बोलले. आमच्यासमोर जे होतं ते असं.

इंजेक्शन सुरू करणं. रोज रात्री एक, चारेक वर्षं. त्या वजनाला महिन्याला 18 हजारांच्या आसपास खर्च सांगितला गेला होता, आणि वजन वाढेल तसा डोसही वाढतो. चार वर्षांचे साडेआठ लाख. कारण न सापडलेल्या बुटकेपणात सरासरी साडेतीन ते साडेसात सेंटिमीटर उंची वाढते, तीही सोहमपेक्षा बरीच बुटकी आणि लवकर सुरू केलेली मुलं धरून. कोणाला जास्त, कोणाला जवळपास काहीच नाही. धोके थोड्या जणांनाच होतात, पण होतात: डोक्यातला दाब वाढून डोकेदुखी, मांडीच्या हाडाचं टोक सरकणं, पाठीचा बाक वाढणं, साखरेचं गणित बिघडणं. 2012 मध्ये फ्रान्समधल्या पाहणीत लहानपणी हे औषध घेतलेल्यांचा मृत्युदर जास्त दिसला होता. पुढच्या मोठ्या अभ्यासात सोहमसारख्या मुलांत तसं आढळलं नाही. तेव्हा भीती घालायचं कारण नव्हतं, पण निरोगी मुलाच्या बाबतीत 'बहुधा सुरक्षित' हे शब्द मला पुरत नाहीत. शिवाय सोहम शाळेकडून 1500 मीटर धावायचा आणि ग्रोथ हार्मोन खेळाडूंसाठी कायम प्रतिबंधित आहे.

थांबणं आणि मोजत राहणं. खर्च नाही, धोका नाही. पण हाडांची टोकं एकदा जुळली की वाढ थांबते आणि नंतर औषधाचा उपयोग नाही. उशिरा पटलं तर दार बंद झालेलं असेल. वडिलांची घाई याच भीतीतून येत होती आणि ती खोटी नव्हती.

पौगंड फारच रेंगाळला तर टेस्टोस्टेरॉनचा छोटा कोर्स. त्यानं शेवटची उंची वाढत नाही, पण वाढीचा झपाटा लवकर येतो आणि वर्गात सर्वांत लहान दिसण्याचा काळ कमी होतो. वडिलांना यात रस नव्हता. पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलही त्यांनी विचारलं. हाड कापून दिवसाला एक मिलिमीटरनं ताणायचं असतं, हे ऐकून आईनं "नाही जी" म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला.

एक पर्याय माझ्या टेबलावर नव्हताच. 165 हा आकडा आला कुठून आणि शिपायाच्या रोजच्या कामाला तो किती लागतो, हे विचारणं. याच राज्यात वनरक्षकासाठी पुरुषांना 163 सेंटिमीटर चालतात. पायी जंगल तुडवणाऱ्या आणि वाघाच्या हद्दीत गस्त घालणाऱ्याला 163, चौकात उभं राहणाऱ्याला 165. आणि उंची ही तुलनेची गोष्ट आहे. ऐपत असलेल्या सगळ्यांनी इंजेक्शन घेतलं तर रांगेतले सगळेच उंच होतील आणि ज्याच्या बापाकडे साडेआठ लाख नाहीत तो पूर्वीइतकाच खाली राहील. नियमानं अडवलेल्या मुलाचं शरीर बदलण्याचा खर्च त्याच्याच घरानं करावा, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण समोर बसलेल्या माणसाला मी नियम बदलेपर्यंत थांब असं म्हणू शकत नव्हते.

वडिलांना मी आणखी एक विचारलं होतं: तुमची उंची किती वाजता मोजली होती? सकाळपेक्षा संध्याकाळी माणूस सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरनं कमी भरतो, मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. ते आठवून म्हणाले, "चार वाजले असतीन. सकाळी पाचपासून रांगेत उभा होतो." मग बराच वेळ गप्प बसले. सकाळी मोजलं असतं तरी 165 भरले नसते, हे मी सांगितलं, कारण दुसरी हळहळ त्यांच्या मागे लावायची नव्हती.

मुलाशी बोलणं

तिसऱ्या भेटीपर्यंत मी सोहमशी एकट्यानं बोलले नव्हते. दोन भेटी, एक एक्स-रे, पाच वेळा रक्त, आणि त्याचं म्हणणं माहीत नाही! संशोधनात सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची तत्त्वं सांगतात. रोजच्या दवाखान्यात मात्र आपण बापाची सही घेतो आणि पुढे जातो.

सप्टेंबरमध्ये आई-वडिलांना बाहेर बसवलं. तो आधी टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला. शाळेत काय म्हणतात असं विचारल्यावर म्हणाला, "अद्धा." प्रार्थनेला कायम पहिला उभा. कबड्डीत घेत नाहीत. पोलीस व्हायचं आहे का, यावर खांदे उडवले. इंजेक्शनाची भीती वाटते का विचारलं तर नाही म्हणाला. मग थोडं थांबून त्यानंच विचारलं:

"इंजेक्शन घेऊनही एकशे चौसष्टच भरलो तर? मंग पप्पा काय म्हणतीन?"

आमच्या चर्चेत धोके होते, खर्च होता, सरासरी होती. हा धोका कोणीच धरला नव्हता. आज तो जन्मानंच बुटका आहे, त्यात त्याचा दोष नाही. घरची जमीन विकून साडेआठ लाख घातल्यावर एक सेंटिमीटर कमी पडला, तर ते त्याचं अपयश ठरेल.

काय ठरवलं

मी लिहून द्यायला नकार दिला. 8.4 चा अर्थ वडिलांना कागदावर रेषा काढून समजावला आणि ही चाचणी मी करायलाच नको होती हेही सांगितलं. लोह सुरू केलं. शाळेच्या बाईंशी आईच्या परवानगीनं बोलले. त्यांनी रांग उंचीऐवजी हजेरी क्रमांकानं लावली. माझ्या कुठल्याही औषधापेक्षा सोहमला त्याचा जास्त आणि लवकर फायदा झाला.

नोव्हेंबर 2022 मध्ये राज्यात 18 हजारांच्या घरात जागांची पोलीस भरती निघाली. सोहमच्या वस्तीतली दोन मुलं मैदानी परीक्षा पास झाली, गल्लीत फटाके फुटले. मार्च 2023 मध्ये वडिलांनी दुसऱ्या एका दवाखान्यात माझाच 8.4 चा कागद दाखवून इंजेक्शन सुरू केलं. जमीन विकली नाही, पतसंस्थेतून कर्ज काढलं.

आईनं मला फोन केला. इथे दुसरा निर्णय होता: 'आता तुम्ही तिकडेच दाखवा' असं म्हणायचं की लक्ष ठेवायचं? लक्ष ठेवलं तर मी नाकारलेल्या गोष्टीला हातभार लागतो. नाही ठेवलं तर मुलाकडे कोणीच पाहत नाही. मी म्हटलं, दर महिन्याला घेऊन या, पैसे देऊ नका. हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो. नकार औषधाला होता, मुलाला नव्हता.

काय झालं

हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात नागपुरात पारा 45 कडे असताना दुपारी वीज गेली आणि चार तास आली नाही. आई इंजेक्शनाचं पेन कापडात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात घालून शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडे धावली. त्याच आठवड्यात सोहमचं डोकं दुखू लागलं, सकाळी उठल्या उठल्या. मी त्याच दिवशी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, सूज नव्हती. ऊन असेल, औषध असेल, सांगता येत नव्हतं. इंजेक्शन थांबवायला सांगितलं. आठवड्याभरात डोकं दुखायचं थांबलं. पुन्हा सुरू करायचं का, यावर घरात पहिल्यांदा सोहमला विचारलं गेलं. तो नाही म्हणाला.

एकूण 11 आठवडे. न फोडलेलं एक पेन वडील मला द्यायला आले, कोणाला लागत असेल तर द्या म्हणून. विजेविना राहिलेलं ते पेन मी कोणाला देऊ शकत नव्हते, आणि हे त्यांना सांगणं जड गेलं.

पुढची उंची अशी: जून 2023 मध्ये 147.2, जून 2024 मध्ये 155.4, जून 2025 मध्ये 162.1. उशिरा वाढणाऱ्या मुलात असा झपाटा अपेक्षितच असतो. त्या 11 आठवड्यांनी त्यात किती भर घातली हे वेगळं काढता येत नाही. वडील मानतात की घातली. मी वाद घालत नाही. त्या कर्जाचे हप्ते ते अजून फेडत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

क्लोनिडीन चाचणी करायला नको होती. आई-वडिलांची अस्वस्थता शमवण्यासाठी केलेली तपासणी त्यांच्याच हातात पुढच्या उपचाराचं तिकीट देते. माझा नकार तोंडी होता, आकडा छापील होता. दुसऱ्या दवाखान्यात छापील चाललं. निदान त्या अहवालाखाली 'पूर्वतयारीविना केलेली, निष्कर्ष काढू नये' अशी ओळ मी सहीनिशी लिहायला हवी होती. आता मी ती लिहिते.

मुलाशी पहिल्याच भेटीत बोलायला हवं होतं. त्याचा प्रश्न जूनमध्ये कळला असता तर त्यापुढची सगळी बोलणी निराळी झाली असती.

आणि वडिलांशी त्यांच्या दोन सेंटिमीटरविषयी नीट बसून बोलायला मी फार उशीर केला. त्या दुःखाला मी 'अपेक्षा' म्हणत राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी रांगेतून बाहेर काढलेल्या माणसाला सरासरीचे आकडे ऐकू येत नाहीत.

एका गोष्टीवर माझ्या सहकाऱ्यांचं आणि माझं एकमत नाही. त्यांच्या मते मी थेट नकार न देता सहा महिन्यांचा मर्यादित प्रयोग सुचवायला हवा होता: माझ्याच देखरेखीत, वाढ दिसली नाही तर बंद. त्यामुळे कर्ज आणि दुसरा दवाखाना टळला असता, असं ते म्हणतात. कदाचित टळलं असतं. पण पौगंडाच्या झपाट्यात सहा महिन्यांची वाढ औषधाची की वयाची हे कोण ठरवणार, आणि आकडा चांगला आला की थांबवणार कोण?

सध्या

सोहम अकरावीला विज्ञान शाखेत आहे. गेल्या भेटीत पट्टीखाली उभं राहताना त्यानं बूट स्वतःच काढले, टाचा भिंतीला लावल्या आणि मला म्हणाला, "मॅडम, सकाळचं मोजा, बापाले सांगू नका." हाडांची टोकं अजून उघडी आहेत. दोन-एक सेंटिमीटर वाढेल असा माझा अंदाज आहे, आणि अंदाज चुकतात हेही त्याला माहीत आहे.

वनरक्षकाच्या भरतीचा कागद त्यानं मोबाइलवर दाखवला. उंची 163, पाच किलोमीटर तीस मिनिटांत. तो रोज पहाटे गोरेवाड्याच्या रस्त्यानं धावतो, वडील मागून सायकलवर असतात, हातात घड्याळ. पाच किलोमीटरला सध्या 27 मिनिटं लागतात.